पोळ्याच्या आधी आलेला पाय

मागच्या महिन्यात एक तरुण माणूस माझ्याकडे एक फोटो घेऊन आला. मी ज्या कचेरीत नोकरीला लागलो तिची स्मरणिका निघते आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांतला माणूस म्हणून आता मी एकटाच उरलो आहे. त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, यात कोण कोण आहे तेवढं सांगा. खाली आम्ही ओळ टाकणार आहोत, 'अपंग जवानास कृत्रिम पाय प्रदान करताना'."

फोटो एका प्रजासत्ताक दिनाचा आहे. मागे कनात, वर कागदी पताका. मधोमध टोपी घातलेले पाहुणे, त्यांच्या बाजूला बंद गळ्याच्या कोटात आमचे साहेब. समोर खुर्चीवर फौजेतला जुना कोट घालून बसलेला एक माणूस, छातीवर दोन पदकं, डाव्या बाजूला धोतराचा सोगा रिकामा लोंबतो आहे. आणि त्याच्यापुढे पितळी तबकात, झेंडूचा हार घातलेला, कुंकू लावलेला एक लाकडी पाय. तबक धरणाऱ्याचा चेहरा फोटोत आलेला नाही. फक्त मनगटं आली आहेत. ती माझी आहेत.

मी त्या मुलाला चार दिवसांनी यायला सांगितलं आणि ओळ लिहायला बसलो. ती ओळ लिहिता लिहिता हे एवढं झालं.

राज्य तेव्हा मध्यप्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. वर्ध्याला स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांची, कौलारू छपराची आमची कचेरी होती. पुढे ओसरी, ओसरीपुढे मोठं अंगण, अंगणात एक कडुनिंब. जिल्ह्यातले फौजेतून परतलेले लोक आमच्याकडे यायचे. कुणाची पेन्शन अडलेली असायची, कुणाला दवाखान्याची चिठ्ठी हवी असायची, कुणाच्या पोराची फी माफ व्हायची असायची. वरून ब्लँकेटं यायची, शिवणयंत्रं यायची, कुबड्या यायच्या. ते सगळं त्या लोकांपर्यंत पोचवणं हे आमचं काम. कचेरीत साहेब, मी आणि चपराशी, एवढीच माणसं. चपराशी स्वतः फौजेत हवालदार होऊन आलेला, म्हणून त्याला सगळे हवालदारच म्हणत.

साहेबांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी एखाद्या खाऊ माणसाची गोष्ट सांगतो आहे. ते कुणावर ओरडत नसत. घरून डबा आणत आणि त्यातली भाकर कधीकधी हवालदाराला देत. त्यांना एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे कार्यक्रम. लढाईच्या काळात ते भरतीच्या कचेरीत कारकून होते, स्वतः बंदूक कधी हातात धरली नव्हती, पण परेडचं त्यांना भारी वेड. कुणी मोठा माणूस येणार असला की जिल्ह्यातल्या माजी सैनिकांना पत्रं जायची, सगळे पदकं लावून यायचे, अंगणात रांगेत उभे राहायचे, आणि मग पाहुण्यांच्या हातून एकेक ब्लँकेट. त्यामुळे वरून जे काही यायचं ते माझ्या खुर्चीमागच्या, तळाला गंजून भोक पडलेल्या लोखंडी अलमारीत जायचं आणि कार्यक्रम ठरेपर्यंत तिथेच राहायचं. दिवाळीत आलेली ब्लँकेटं होळीला वाटलेली मी पाहिली आहेत. अलमारीची किल्ली माझ्याकडे असायची.

फोटोतला माणूस नाचणगावचा. फौजेत तो नाईकाच्या हुद्द्यापर्यंत गेला होता, म्हणून आम्ही त्याला नाईकच म्हणायचो. ब्रह्मदेशात सुरुंगावर पाय पडून डावा पाय मांडीतून गेला. पुण्याला लाकडी पाय मिळाला आणि त्या पायावर त्याने पुलगावच्या एका जिनिंगमध्ये चौकीदारी धरली. कापसाच्या हंगामात रुईच्या गंजीभोवती फिरत पहारा करायचा. कापसाला आग लागायची भीती असते, म्हणून शेठला जागरूक माणूस हवा असायचा, आणि नाईक तसा होता. पुढे एका पावसाळ्यात काळ्या मातीत तो पाय रुतला आणि गुडघ्याचा सांधा तुटला. आम्ही त्याला रेल्वेचा पास देऊन उन्हाळ्यात पुण्याला पाठवलं. तिथे मापं घेतली आणि सांगितलं, पाय तयार झाला की तुमच्या जिल्ह्याच्या कचेरीत पार्सलनं येईल.

शेठने त्याला सांगून ठेवलं होतं, दसऱ्यानंतर जिन सुरू होईल, पायावर उभा राहून ये, जागा तुझी आहे. कुबडीवर आलास तर मी काय करू, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात कंदील, मग काठी कुठे धरशील?

हे नाईकनेच मला सांगितलं होतं. म्हणजे दसऱ्याचं महत्त्व मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

पाय आला तो पोळ्याच्या आधी. हवालदाराने मालधक्क्यावरून लांबट खोकं सायकलवर आणलं. आम्ही दोघांनी फळ्या उचकटल्या. आत तणसात गुंडाळलेला पाय होता, कमरेला बांधायचा रुंद चामड्याचा पट्टा, त्याला पितळी बकल, आणि खाली काळा बूटसुद्धा. हवालदाराने तो जमिनीवर उभा केला. खोलीत नव्या चामड्याचा वास पसरला.

"काय चीज हाय," हवालदार म्हणाला. "माह्या दोन पायाहून बरा दिसते."

मी लगेच नाचणगावला कार्ड लिहायला घेतलं. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पाय पाहिला, मग कार्ड पाहिलं आणि ते माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या खणात ठेवलं.

"थांबा," ते म्हणाले. "भाजी आहे का ती, पिशवीत घालून द्यायला? त्या माणसानं देशासाठी पाय दिला. सरकार त्याला पाय परत देतंय. चार लोकांनी पाहायला नको का? दसऱ्याला नागपूरचे मंत्री इकडे यायचे आहेत. त्यांच्या हस्ते देऊ."

"त्याला काय कळवू?"

"काही कळवू नका. विचारलं तर सांगा, आलेलं नाही. आधी कळलं की कार्यक्रमात मजा राहत नाही."

साहेब आत गेल्यावर हवालदार ओसरीवर विडी पेटवत म्हणाला, "देशासाठी म्हन्ते. तवा देश कुठं होता बाबूजी, तवा तं बादशा होता."

मी हसलो. मग पाय तणसात गुंडाळून अलमारीत आडवा ठेवला आणि कुलूप लावलं. माझी नोकरी कच्ची होती, ती पक्की करणं साहेबांच्या हातात होतं, घरी खाणारी तोंडं होती. पण या अडचणी सांगून मी स्वतःला सोडवणार नाही. खरं सांगायचं तर कुलूप लावताना त्यातलं काही माझ्या मनात आलं नव्हतं. साहेब म्हणाले आणि मी लावलं. इतकं सोपं होतं ते.

नाईक दर मंगळवारी यायचा. नाचणगावहून पुलगाव स्टेशनपर्यंत कुबडीवर, तिथून पॅसेंजरने वर्ध्याला, पुन्हा कुबडीवर कचेरीत. घामाने कोट भिजलेला असायचा, पण तो कोटाशिवाय कधी आला नाही. ओसरीवर आधी कुबडी टेकायचा, मग मला सलाम करायचा, आणि माझ्या समोरच्या बाकावर बसायचा.

"बाबूसाहेब, आलं का माहं पार्सल?"

"नाही आलं अजून."

"बरं." मग थोडं थांबून, "पुन्याहून यायचं म्हन्जे टाइम लागतेच. त्यात एकटा पाय हाय बिचारा, लंगडत येत असंल."

मी हसलो. तोही हसला. माझी पाठ अलमारीला टेकलेली होती. तो जिथे बसला होता तिथून कुबडी लांब केली असती तर तिचं टोक अलमारीच्या दाराला लागलं असतं.

असे किती मंगळवार झाले ते मी मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी तो एखादी नवी थट्टा घेऊन यायचा. एकदा म्हणाला, "मी सपनात पाह्यलं, पाय भुसावळले गाडी बदलून राह्यला होता." एकदा त्याने बायकोने उकडून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. खोटं बोलणं पहिल्यांदा जड गेलं. नंतर ते "नमस्कार" म्हणण्यासारखं होऊन गेलं.

दसऱ्याला मंत्री आले नाहीत. साहेब म्हणाले, दिवाळीनंतर येतील. मी धीर करून एकदा म्हणालो, "साहेब, त्याचं जिन सुरू होईल. नोकरीचा प्रश्न आहे."

"मी शेठला ओळखतो," साहेब म्हणाले. "एक निरोप दिला की ठेवून घेईल. तुम्ही काळजी करू नका."

निरोप त्यांनी दिला की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. नाचणगाव पुलगावला लागूनच, वर्ध्याहून पुलगावला जाणं म्हणजे काही काशीला जाणं नव्हतं. मी स्वतःही शेठकडे गेलो नाही.

दसऱ्यानंतर जिन सुरू झालं. त्यानंतरच्या मंगळवारी नाईक आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही. बाकावर बसला, रिकामा सोगा मांडीखाली नीट दुमडून घेतला आणि म्हणाला, "शेठनं दुसरा मानूस ठेवला. देवळीचा हाय कोनी. दोन पायाचा."

"हंगाम मोठा असतो," मी म्हणालो. "पाय आला की पुन्हा विचार."

"इचारीन," तो म्हणाला. "आला का?"

"नाही."

मंत्री शेवटपर्यंत आले नाहीत. साहेबांनी दुसरे पाहुणे मिळवले आणि कार्यक्रम प्रजासत्ताक दिनाला ठरला. नाईकला पत्र गेलं, पदकं लावून यावे. पत्रात पायाचा उल्लेख नव्हता.

त्या दिवशी अंगणात जिल्हाभरातले माजी सैनिक जमले होते. जाम, समुद्रपूर, हिंगणघाट, आर्वी, कुठून कुठून आलेले. हवालदाराने फॉल-इन करवलं. एक गोष्ट त्या दिवशी घडली, ती पुढच्यासाठी सांगायला हवी. पाहुणे आले, रांगेकडे पाहून हात जोडले आणि प्रेमाने म्हणाले, "बसा, बसा. उन्हात कशाला उभे? बसा."

कुणी बसलं नाही. हललंही नाही. पाहुण्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी गोंधळून साहेबांकडे पाहिलं. तेव्हा हवालदाराने रांगेच्या टोकावरून आवाज दिला, "विश्राम! बैठ जाव!" आणि सगळी रांग एका झटक्यात खाली बसली. लोक हसले. साहेब अभिमानाने पाहुण्यांना म्हणाले, "फौजी माणसं, हुकमाशिवाय हलत नाहीत."

मी हे ऐकलं आणि माझ्या लक्षात राहिलं.

मग नाईकला खुर्चीवर बसवलं आणि मी तबक घेऊन आलो. त्याने पाय पाहिला. त्याचा चेहरा मी पाहिला, कारण तबकापलीकडे मीच होतो. आधी तो लहान मुलासारखा उजळला. मग त्याने हाराखालून पट्ट्याला हात लावला, पट्टा जरा उलटा केला, त्याच्या काठावर बोट फिरवलं, आणि पुन्हा सरळ ठेवून दिला. माझ्याकडे एकदा पाहिलं. फोटोवाल्याने "हलू नका" म्हटलं. तो हलला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत हवालदाराने त्याला पाय बांधायला मदत केली. पाय बसेना. उन्हाळ्यात माप दिलं तेव्हाची मांडी आणि आताची मांडी यांत फरक पडला होता. इतके महिने त्या बाजूवर भार नव्हता, शिवाय काम गेल्यापासून माणूसच उतरला होता. हवालदाराने चिंध्या भरल्या, बकल शेवटच्या भोकापर्यंत ओढलं. नाईक उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि पाय आत फिरला. तिसऱ्या पावलाला त्याने भिंत धरली.

"पुन्याले परत धाडा लागंन," हवालदार म्हणाला.

नाईक म्हणाला, "हंगाम सरंन तवापर्यंत. घाई नाई."

पाय काखेत धरून, कुबडीवर, तो स्टेशनकडे गेला.

देवळीच्या बाजूचे एक निवृत्त सुभेदार त्या कार्यक्रमाला होते. त्यांनी भिंत धरलेला नाईक पाहिला असावा, कारण त्यांनी नागपूरला तक्रार पाठवली. आमच्याकडे येणाऱ्या वस्तू वेळेवर मिळत नाहीत, कार्यक्रमासाठी अडवून ठेवतात, त्यात लोकांचं नुकसान होतं. उन्हं तापायला लागली तेव्हा नागपूरहून चौकशीसाठी एक अधिकारी जीपने आले.

माणूस सरळ होता. साहेबांनी चहा मागवला तो त्यांनी घेतला नाही. तक्रारीतल्या लोकांना त्यांनी आधीच पत्रं पाठवून बोलावून घेतलं होतं. कडुनिंबाखाली सगळे बसले होते, त्यांत नाईकही होता. त्या दिवशी त्याने तो पाय बांधला होता, चिंध्या भरून. मला वाटतं, पाहणाऱ्याला दिसावं की पाय कसा बसतो, म्हणून त्याने तो बांधून आणला असावा.

अधिकारी म्हणाले, "मी एकेकाला आतल्या खोलीत बोलावतो. बाकी कुणी आत नको." साहेब बाहेर ओसरीवर गेले. खोलीत ते आणि मी. मला त्यांनी नावांची हाक मारायला ठेवलं होतं.

आणि तेव्हा मी बोललो. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी म्हणालो, "साहेब, ही फौजी माणसं आहेत. बंद खोलीत बोलावलं की यांना कोर्टमार्शल वाटतं, तोंड उघडत नाहीत. अंगणात फॉल-इन करून सगळ्यांसमोर विचारलं तर मोकळेपणानं सांगतील."

अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. त्यांचा फौजेशी संबंध नव्हता. माझा रोजचा होता. "असं म्हणता? ठीक आहे," ते म्हणाले.

हे मी आमच्या साहेबांना वाचवायला बोललो नव्हतो. खोलीत नाईक एकटा बसला असता तर त्याला विचारलं गेलं असतं, तू चौकशी करत होतास का, आणि तो म्हणाला असता, हो, दर मंगळवारी, या बाबूसाहेबांना. आणि मी तिथेच बाजूला बसलेलो असतो. मला तेवढं टाळायचं होतं. कार्यक्रमातली ती रांग, पाहुण्यांचं "बसा, बसा", हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट आठवत होतं. मी भोळेपणाने बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मी भोळा नव्हतो.

हवालदाराने फॉल-इन करवलं. "सावधान!" रांग ताठ झाली. नाईक दुसऱ्या टोकाला, नवा पाय थोडा बाहेर फिरलेला, पण छाती पुढे, नजर समोर.

अधिकारी रांगेसमोर उभे राहिले आणि चांगल्या, मऊ मराठीत म्हणाले, "मी तुमचं ऐकायला आलो आहे. कुणाला भिण्याचं कारण नाही. ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी पुढे यावं."

कुणी हललं नाही.

अधिकारी थांबले. कडुनिंबाची पानं गळत होती, ती कुणाकुणाच्या खांद्यावर पडत होती, तीही कुणी झटकली नाहीत. रांगेच्या टोकावर उभ्या हवालदाराने साहेबांकडे पाहिलं. साहेब ओसरीवर हात मागे बांधून उभे होते. मग हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरे होता, "एक कदम आगे." किंवा माझी एक हाक. नावं माझ्या हातात होती. त्याच्या नजरेत तेच होतं. त्याला ओठ हलवायला माझ्याकडून एवढंसं काही हवं होतं. मी मान खाली घालून पेनाचं टोपण बसवत राहिलो.

"कुणाचीच तक्रार नाही?" अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. मग ते माझ्याकडे वळून, जरा निराश होऊन म्हणाले, "लिहा. सर्वांसमक्ष विचारणा केली. कोणीही पुढे आले नाही."

मी लिहिलं. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे, कुठे असेल तर.

जीप गेल्यावर हवालदाराने "विश्राम, लाइन तोड" म्हटलं. लोक पांगले. नाईक भिंत धरत धरत माझ्याजवळ आला. त्याच्या मांडीला पायाने घासलं होतं, धोतरावर डाग आला होता.

"साहेब गेले?"

"गेले."

"परत येतीन?"

"नाही. झाली चौकशी."

त्याला कळेना. "मले वाटलं नाव पुकारतीन. मी वाट पाहून राह्यलो होतो. तुमी नाव काऊन नाई पुकारलं, बाबूसाहेब?"

मी म्हणालो, "मला सांगितलं नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "तुमाले बी हुकूम नवता."

तो हे कुचकटपणाने बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटलं, की माझं आणि त्याचं एकच आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. साहेबांची काही वर्षांनी बढतीवर बदली झाली. माझी नोकरी पक्की झाली. हवालदाराने नंतर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. पाय दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवायचा म्हणून मी नाईकला दोनदा कार्ड टाकलं. तो आला नाही. मंगळवारी समोरचा बाक रिकामा असायचा आणि तरी मी त्या दिवशी अलमारीला पाठ लावून बसत नसे, खुर्ची तिरपी करून बसायचो.

राज्य बदललं, राजधानी मुंबईकडे गेली, माझी दुसऱ्या खात्यात बदली झाली. तेव्हा एकदा पोळ्याला माझं नाचणगावला जाणं झालं, मेहुण्याकडे. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, बाशिंगं बांधलेली. एका जोडीजवळ दगडावर नाईक बसला होता, बाजूला कुबडी. मी पुढे गेलो, आणि त्याच्याशी बोलायच्या आधी माझी नजर बैलावर गेली. बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ होती आणि ती माळ एका रुंद चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेली होती. पितळी बकल घासून चकचकीत केलं होतं.

नाईकने माझी नजर पाहिली.

"पायाचा पट्टा हाय," तो म्हणाला. "मले नाई बसला, पन बैलाले बसला. सरकारी माल हाय, वाया कायले जाऊ द्यायचा?"

तो हसला. मी हसू शकलो नाही. त्याने बैलाची मान आपल्याकडे ओढली आणि पट्ट्याचा काठ मला दाखवला. काठावर दातांच्या खुणा होत्या, एका ठिकाणी चांगलाच कुरतडलेला.

"हे पाह्यलं का? ज्या दिवशी तुमी तबकात आनला त्या दिवसापासून हाय हे. उंदराचं काम. मी तवाच पाह्यलं." त्याने पट्टा सोडला आणि बैलाच्या गळ्यावर थाप मारली. "पार्सलच्या खोक्यात उंदीर कुठून येईन, बाबूसाहेब? लई दिवस कुठंतरी पडून होता तो."

म्हणजे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो चौकशीच्या दिवशी तो पाय चिंध्या भरून बांधून आला होता, रांगेत उभा राहिला होता, आणि मी त्याचं नाव पुकारीन म्हणून वाट पाहत होता.

त्याने मला विचारलं, "कवा आलं होतं ते?"

मी एका शब्दात सांगू शकलो असतो. आजूबाजूला पोळा होता, आम्ही पोळ्याच्या तोरणाखाली उभे होतो, आणि उत्तर तेच होतं. तेवढ्यात तोरण तोडून पोळा फुटला, बैल निघाले, गलका झाला. नाईक कुबडी घेऊन उठला. "चाला घरी," तो म्हणाला. "बैल जेवल्यावर आपन जेवू. पोळ्याचा दिवस हाय, उपाशी नका जाऊ."

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पुरणपोळी वाढली, वर तूप. तो आता भावाच्या शेतावर दोर वळणं, जनावरं पाहणं असली बसून व्हायची कामं करत होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. मी जेवलो आणि परत आलो.

तो गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

परवा तो तरुण माणूस फोटो न्यायला आला. मी त्याला फोटोच्या मागे लिहिलेली ओळ दाखवली. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली. "आजोबा, एवढं खाली मावणार नाही. आणि स्मरणिका आहे ही, असं कसं छापायचं? ती वेळ तशी होती, साहेब गेले, ते जवानही गेले. आता कुणाला विचारायचं?"

"मला," मी म्हणालो. "मी आहे अजून."

तो फोटो घेऊन गेला. छापतील की नाही मला माहीत नाही. जे छापायला दिलं ते असं आहे, की फोटोतला पाय पोळ्याच्या आधी कचेरीत आला होता आणि प्रजासत्ताक दिनापर्यंत तो कुलपात होता, किल्ली तबक धरणाऱ्याकडे होती, ज्याचा पाय होता त्याला तो बसला नाही, आणि चौकशीच्या दिवशी त्याची तक्रार होती. पुढे त्याचं पूर्ण नाव, हुद्दा आणि गाव लिहिलं आहे. इथे ते लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या मंगळवारी नाचणगावला जाणार आहे. माझा मुलगा म्हणतो, या वयात कशाला, फोन करा. मी त्याला पुलगावपर्यंतचं तिकीट काढून आणायला सांगितलं आहे.